सेलरीचे बी घरात रुजविताना

वसंतातल्या व्याख्यानमालेत इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य असे भारदस्त विषय असतात. त्यांच्या पंगतीला एका भाजीच्या बियाने येऊन बसावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असल्यास ते साहजिक आहे. त्यातून वैशाखाच्या उन्हात भाद्रपदातल्या पेरणीची चर्चा! परंतु ज्यांनी मातीत हात घातला आहे त्यांना ठाऊक आहे की पेरणीची तयारी पेरणीच्या दिवशी करून भागत नाही. विषय दिसतो तितका किरकोळही नाही. पुणे आणि नाशिक जिल्ह्यांत परदेशी भाज्या पिकविणारे शेतकरी आज आहेत. शहरात गच्चीवर आणि गॅलरीत दहा-वीस कुंड्या सांभाळणारी कुटुंबे तर गल्लोगल्ली आहेत. या दोघांचीही सेलरीबद्दल तक्रार एकच असते : बी उगवत नाही.

आमचे म्हणणे असे की बी बहुधा चांगले असते. ते उगवण्याच्या आधीच आपण त्याचा नाद सोडतो, किंवा ज्या रीतीने मेथी पेरली त्याच रीतीने सेलरी पेरतो. दहाव्या-बाराव्या दिवशी माती तशीच काळी दिसते. मग कुंडी पालथी करून तीत दुसरे काही लावले जाते. त्या मातीत ज्यांना आणखी एक आठवडा हवा होता अशी शेकडो बीजे तशीच जातात. सेलरीला इतका वेळ का लागतो, हे एकदा समजले की बाकीच्या सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही; त्या आपोआप सुचू लागतात. म्हणून आधी कारण पाहू आणि मग कृती.

आपल्यापैकी पुष्कळांची सेलरीशी पहिली ओळख चिनी पद्धतीच्या सूपमध्ये झालेली असते. लांब, रसदार, शिरा असलेले हिरवे देठ, वर कोथिंबिरीसारखी पण मोठी पाने, आणि ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास. हा वास उगीच नव्हे. कोथिंबीर, जिरे, ओवा, शेपू, बडीशेप, गाजर आणि हिंग ज्या चामर कुलात मोडतात त्याच कुलातली ही वनस्पती आहे. शास्त्रीय नाव एपियम ग्रॅव्हिओलेन्स. आयुर्वेदातली अजमोदा ती हीच, असे पुष्कळ ठिकाणी सांगितलेले आढळते. पण काष्ठौषधीच्या दुकानात अजमोदा या नावाखाली एकाहून अधिक वनस्पतींची फळे विकली जातात. तेव्हा नावावर विसंबून तेथले बी आणून पेरू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

रानटी सेलरी ही पाणथळ जागेची रहिवासी. युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने दलदलीत, खाऱ्या चिखलात ती वाढते. मनुष्याने तिला जेवणात घेण्यापूर्वी हार-मुकुटांत घेतले. ईजिप्तमध्ये १९२२ साली तुतनखामेनची कबर उघडली गेली. तेथे सापडलेल्या पुष्पमालांत या वनस्पतीची पाने होती. प्राचीन ग्रीसमध्ये नेमिया येथील क्रीडामहोत्सवात विजयी वीराच्या मस्तकी हिचाच मुकुट ठेवीत. ग्रीक भाषेत हिचे नाव सेलिनॉन. त्यावरून सिसिली बेटावरील सेलिनस या नगराचे नाव पडले आणि त्या नगराच्या नाण्यांवर हिचे पान उमटले. जाड, गोडसर देठांची बागायती सेलरी ही मात्र अलीकडची, इटली आणि फ्रान्समधल्या माळ्यांनी गेल्या तीन-चारशे वर्षांत घडविलेली. माळ्यांनी देठ बदलला. बियाची प्रकृती मात्र दलदलीतलीच राहिली. आपल्याला काम पडते ते या बियाशी.

मटकीला मोड आणण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. रात्री भिजत घालावी, सकाळी फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी मोड तयार. या सवयीमुळे बी म्हणजे पाणी लागताच उठून बसणारी वस्तू, अशी आपली समजूत झाली आहे. मटकीचा दाणा सोलून पाहा. दोन जाड दले आणि त्यांच्या कडेला वाकून बसलेला कोंब. सालीच्या आत दुसरे काही नाही. तेथे गर्भ पूर्ण वाढलेला आहे, शिदोरी त्याच्या अंगातच आहे, आणि तो केवळ पाण्याची वाट पाहतो आहे.

सेलरीचे बी याच्या अगदी उलट. मुळात आपण ज्याला बी म्हणतो ते अर्धे फळ आहे. धने रगडले की त्यांची दोन भकले होतात, तसेच हेही. प्रत्येक भकलात एक बी. आकार इतका बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे दोन ते अडीच हजार बिया भरतात. या कणभर दाण्यात बहुतेक सगळी जागा साठवणीच्या अन्नाने, म्हणजे पुष्काने, व्यापलेली असते. आणि त्याच्या एका टोकाला गर्भ असतो तो अगदी अपुरा. फळ पिकून गळाले तरी गर्भाची वाढ संपलेली नसते. पाणी मिळाल्यावर प्रथम भोवतालचे पुष्क विरघळू लागते, त्या अन्नावर गर्भ आतल्या आत लांबत जातो आणि पुरेसा लांबल्यावरच मूळ बाहेर डोकावते. जेकबसेन आणि प्रेसमन या संशोधकांनी १९७९ साली सेलरीच्या रुजत्या बियांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून पुष्क कसे विरघळते याचे वर्णन प्रसिद्ध केले. वरून पाहणाऱ्याला जे पंधरा दिवस रिकामे वाटतात ते या कामात जातात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाने दुसऱ्याच दिवशी रांगावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. येथे मात्र ती हटकून केली जाते.

गर्भ अपुरा, ही पहिली अडचण. दुसरी अशी की हे अंतर्गत काम सुरू होण्यासाठी बियाला प्रकाश लागतो. मातीखाली अर्धा इंच पुरलेले सेलरीचे बी बहुधा उगवतच नाही. याचा अर्थ लावणे कठीण नाही. शिदोरी इतकी थोडी की खोल जागी रुजल्यास कोंब पृष्ठभागावर येण्यापूर्वीच ती संपावयाची. तेव्हा आपण उघड्यावर आहोत की चिखलाखाली गाडले गेलो आहोत, याची परीक्षा बी प्रकाशावरून करते. तिसरी अडचण उष्णतेची. पंधरा ते वीस अंश सेल्सिअस तपमान या बियाला मानवते. पंचविसाच्या पुढे ते कुरकुरू लागते आणि तिशीच्या आसपास प्रकाश असला तरी स्वस्थ पडून राहते. ते मरत मात्र नाही. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथल्या बियाने ऊन कडक असताना न उगवणे यात शहाणपण आहे. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंधही आहे : तपमान जितके जास्त, तितकी प्रकाशाची गरज अधिक. थंडाव्यात अंधूक उजेडावर भागते. उष्म्यात लख्ख उजेडही पुरत नाही. सॅलडच्या लेट्यूसचे बी थोडेफार असेच वागते. वनस्पतीच्या शरीरात तयार होणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य या सगळ्यांच्या मुळाशी असून प्रयोगशाळेत ते बाहेरून दिल्यास बी अंधारातही रुजविता येते. पण घरच्या बागेसाठी असल्या उपायांची गरज नाही.

बियाणांच्या परदेशी पाकिटावर एक सूचना छापलेली असते : शेवटच्या हिमाच्या दहा ते बारा आठवडे आधी घरात पेरा. ही सूचना वाचून आपल्याकडचा मनुष्य गोंधळतो, कारण त्याच्या अंगणात हिम कधी पडतच नाही. ज्या देशांसाठी ती लिहिली तेथे तिचा अर्थ सरळ आहे. इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरची जमीन थिजलेली असते. सेलरीला बी पेरल्यापासून देठ काढीपर्यंत पाच-सहा महिने लागतात. जमीन मोकळी होण्याची वाट पाहत बसले तर पीक हाती येण्यापूर्वी पुढची थंडी उभी राहते. म्हणून ते लोक उबेसाठी बी घरात घेतात. पूर्वी ही ऊब घोड्याच्या ताज्या लिदीवर माती पसरून आणि वर काचेची झडप ठेवून मिळवीत; पुढे तापविलेली काचगृहे आली. मिशिगन संस्थानातील कॅलामझू या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेलरीवर नाव कमावले. हॉलंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी तेथली काळी दलदल उपसून वाफे केले. त्या भुसभुशीत चिखलात घोड्यांचे पाय रुतू नयेत म्हणून त्यांच्या खुरांना रुंद लाकडी जोडे बांधीत, इतकी ती जमीन मऊ होती. गाव ‘सेलरी सिटी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आता अमेरिकेतली बहुतेक सेलरी कॅलिफोर्नियात होते. पण रोपे आधी आडोशाला तयार करून मग शेतात लावावयाची, ही रीत तेथेही सुटलेली नाही.

आपल्याकडे घरात बी घेण्याचे कारण नेमके उलटे आहे. त्यांना थंडीपासून पळावयाचे असते, आपल्याला उष्म्यापासून आणि पावसापासून. सेलरीचे देठ भरण्यास हवा गार लागते, आणि पुण्यासारख्या ठिकाणी अशी हवा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने असते. मार्चमध्ये पारा पस्तिशीकडे सरकला की देठ चिवट आणि कडवट होऊ लागतात. आता उलटी गणती करा. फेब्रुवारीच्या मध्यावर देठ हवे असतील तर रोप नोव्हेंबरच्या मध्यावर जागेवर गेले पाहिजे. लावण्याजोगे रोप होण्यास दहा-अकरा आठवडे लागतात. म्हणजे बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडावयास हवे. सोपा हिशेब सांगावयाचा तर गणपती बसल्यापासून घट बसेपर्यंत पेरणीचे दिवस. त्यातही आधीचे दिवस चांगले. घट उठल्यावर पेरलेली सेलरी येते, नाही असे नाही, पण ती उन्हाळ्याच्या तोंडी सापडते. आणि ज्याने पहिली कुंडी दहाव्या दिवशी पालथी केली व पुन्हा पेरले, त्याचे नुकसान एका पाकिटापुरते नसते. त्याचा हंगामच जातो. ज्या शेतकऱ्याने हॉटेलवाल्याला माल देण्याचे कबूल केले आहे त्याला तर ही चूक अधिकच महाग पडते.

भाद्रपदात बाहेर वाफ्यावर पेरले तर काय बिघडते? एकच जोराची सर आली तर पृष्ठभागावर ठेवलेले हे धुळीसारखे बी कोठल्या कोठे वाहून जाते. आणि मध्येच उघडीप पडून ऊन तापले की मातीचा वरचा थर तासाभरात सुकतो. गर्भ आत वाढत असताना एकदा जरी बी कोरडे पडले तरी सगळे मुसळ केरात. म्हणून आडोसा हवा.

घरात बी रुजविण्याची कल्पना आपल्याला नवी आहे असेही नाही. नवरात्रात घटस्थापनेला आपण तेच करतो. पत्रावळीवर किंवा टोपलीत काळी माती, तीत गहू-ज्वारीसारखी धान्ये, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट. या मांडणीकडे माळ्याच्या दृष्टीने पाहावे असे आम्हांस वाटते. कोरा मातीचा घट पाझरतो. त्यामुळे भोवतालची माती नऊ दिवस सारखी ओलसर राहते, चिखल होत नाही आणि सुकतही नाही. पाझरलेले पाणी उडून जाताना माती थोडी गारही राहते. ओल आणि गारवा, सेलरीला हव्या असलेल्या तीन गोष्टींपैकी दोन येथे आयत्या साधलेल्या आहेत. उणीव आहे ती उजेडाची. देवघराच्या अंधारात वाढलेले घटाचे कोंब उंच, पिवळसर आणि नाजूक होतात. दसऱ्याला टोपीत खोवण्यास तेच शोभतात. गव्हाच्या दाण्यात शिदोरी भरपूर असल्याने त्याला नऊ दिवसांचा हा अंधार सोसतो. सेलरीचे बी तेथे उगवणारच नाही, आणि उगवलेच तर त्याचे केसासारखे कोंब दोन दिवसांत आडवे होतील. हाच घट उजेडाच्या खिडकीत मांडला तर मात्र काम होते. आम्ही जी कृती पुढे सांगतो ती मुख्यतः एवढीच आहे.

बी प्रथम एका वाटीत रात्रभर पाण्यात ठेवावे आणि मध्ये दोनदा पाणी बदलावे. मग ते पातळ फडक्यातून गाळून, त्याच ओल्या फडक्यात सैल गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच-सहा दिवस राहू द्यावे. ओल्या बियाला मिळालेली ही थंडी पुढच्या उष्म्याला तोंड देण्यास उपयोगी पडते. फडके सुकू देऊ नये. बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नये.

पेरणीसाठी मातीचे पसरट परळ उत्तम. प्लास्टिकचा ट्रे चालतो, पण त्याच्या बाजूंतून पाणी उडत नाही आणि माती गरम राहते. बारीक चाळलेले गांडूळखत, धुतलेली वाळू आणि भिजविलेला नारळाचा भुसा समभाग घ्यावा. या मिश्रणावर उकळते पाणी ओतून ते थंड होऊ द्यावे. मातीतली बुरशी त्याने बरीचशी मरते. परळाच्या मधोमध एक कोरे, भाजलेले, आतबाहेर रंग नसलेले लहान मडके अर्धे पुरावे आणि पाण्याने भरावे. मडक्याभोवती मिश्रण दाबून सपाट करावे. बी ओले असल्याने बोटांना चिकटते, म्हणून मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून घ्यावे आणि ती वाळू रांगोळीच्या चिमटीने मातीवर विखरावी. एका परळास पाकिटाचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. वर माती टाकू नये. फार तर दाणे मातीस टेकतील इतपत तळव्याने हलके दाबावे.

पाणी वरून घालू नये. झारीची धारसुद्धा या बियाला पुरासारखी असते. परळ परातीतल्या इंचभर पाण्यात ठेवावे. वरची माती काळपट दिसू लागली की उचलून निथळू द्यावे. त्यानंतर मडके भरलेले ठेवले म्हणजे रोजचे पाणी बहुतेक तेच भागविते. तरी सकाळ-संध्याकाळ एकदा बोट लावून पाहावे आणि गरज वाटल्यास बाटलीतून धुक्यासारखा फवारा द्यावा. परळावर काच झाकल्यास ओल टिकते, पण काचेला एका बाजूने काडी लावून फट ठेवावी. पूर्ण झाकले तर मडक्याचे पाणी उडावयाचे थांबते आणि गारव्याचा हेतूच फसतो. भाद्रपदात हवा मुळातच दमट. मडक्याचा गारवा दोन-तीन अंशांहून अधिक मिळेल अशी आशा करू नये. मात्र सव्वीसाचे चोवीस होणे या बियाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. रात्री परळ गॅलरीत उघड्या हवेवर ठेवावे. रात्र आणि दिवस यांच्या तपमानात फरक पडला तर उगवण सुधारते, असा अनुभव आहे आणि शास्त्रही तेच सांगते.

जागा कोणती? उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी, जेथे उजेड भरपूर पण दुपारचे ऊन नाही. काचेवर ऊन पडले तर खालची माती अर्ध्या तासात चाळिशी गाठते, आणि मग महिनाभराचे काम वाया जाते. खिडकी नसेल तर एलईडीची पांढरी नळी परळापासून वीतभर उंचीवर टांगून चौदा तास लावावी. तिची उष्णता नगण्य असते. स्वयंपाकघराचा ओटा, फ्रीजचा माथा या जागा टाळाव्यात. ‘उबदार जागी ठेवा’ असे परदेशी पुस्तकांत वाचून पुष्कळजण नेमके तेथेच ठेवतात. त्या पुस्तकांतली ‘उबदार’ खोली आपल्या पौषातल्या खोलीहून गार असते, हे ध्यानात घ्यावे.

आता वाट पाहणे. सर्व काही जमले तर दहाव्या-बाराव्या दिवशी पहिले हिरवे ठिपके दिसतात. पुष्कळदा पंधरा-अठरा दिवस लागतात. एकवीस दिवसांपर्यंत परळास हात लावू नये. सगळी बीजे एका दिवशी उगवत नाहीत, कारण सगळ्यांचे गर्भ सारखे वाढलेले नसतात. छत्राच्या आकाराच्या फुलोऱ्यात बाहेरची फळे आधी पिकतात आणि आतली मागून. त्यामुळे एकाच झाडाच्या बियांतही हा फरक राहतो.

ठिपके दिसताच दुसरा धोका सुरू होतो. रोपे जमिनीलगत मऊ पडून एकाएकी कोलमडतात. ही बुरशीची करणी. दाट पेरणी, कोंडलेली हवा आणि साचलेले पाणी या तिन्हींनी तिला बळ मिळते. म्हणून निम्मी बीजे उगवली की काच प्रथम अर्धी सरकवावी आणि दोन दिवसांनी काढून टाकावी. दाट जागची रोपे कात्रीने मातीसरशी छाटावीत. उपटू नयेत, शेजाऱ्याचे मूळ हलते. एका कोपऱ्यातली रोपे पडली तर तेवढी माती चमच्याने काढून टाकावी आणि दोन दिवस फवारा बंद ठेवावा. औषधे शिंपण्याची घाई येथे आम्हांस पटत नाही. बहुधा हवा खेळती केल्याने भागते.

पहिली दोन अरुंद दले म्हणजे खरी पाने नव्हेत. त्यांच्यामागून येणारे, कोथिंबिरीची आठवण देणारे कातरलेले पान खरे. अशी दोन पाने झाली, म्हणजे पेरणीपासून साधारण पाच आठवड्यांनी, रोपे दोन-दोन इंचांवर दुसऱ्या परळात किंवा लहान कपांत हलवावीत. धरताना पानाला धरावे, देठाला नव्हे. पान दुखावले तर दुसरे येते, देठ चेपला तर रोप गेले. येथून पुढे सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि आठवड्यातून एकदा गांडूळखताचे पातळ पाणी. रोप चार-पाच इंच उंच आणि पाच-सहा पानांचे झाले की ते मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात आठ ते दहा इंच अंतरावर जावे. लावताना मधला गाभा मातीत बुडवू नये. तेथूनच नवे देठ फुटतात. लावणी संध्याकाळी करावी आणि दोन-तीन दिवस सावली धरावी.

कुंडीतल्या सेलरीला पाण्याचा ताण मुळीच सोसत नाही. दलदलीचा स्वभाव येथे पुन्हा वर येतो. एक दिवस कोरडी, एक दिवस तुडुंब, अशी पाळी झाली की देठ पोकळ होतात. शिवाय आतल्या कोवळ्या पानांपर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचत नाही आणि गाभा काळा पडतो. मातीत चुना असूनही हे घडते. दोष पाण्याच्या अनियमितपणाचा असतो. पाण्याने भरलेले एखादे मडके मोठ्या कुंडीतही पुरून ठेवावे.

जातींविषयी थोडेसे. जाड देठांच्या ‘टॉल युटा’ वर्गातल्या जाती हिरव्या राहतात. ‘गोल्डन सेल्फ ब्लांचिंग’ आपोआप फिकट पडते, तिला मातीची भर घालून देठ पांढरे करावे लागत नाहीत. पहिल्यांदाच लावणाऱ्याने मात्र चिनी किंवा पानांची सेलरी घ्यावी असे आम्ही सुचवू. तिचे देठ बारीक, वास उग्र, पण उष्मा ती अधिक सोसते आणि सूपसाठी पाने लवकर मिळू लागतात.

मसाल्याच्या दुकानात सेलरीचे बी स्वस्त मिळते, मग ते का पेरू नये, असा प्रश्न नेहमी येतो. हे बी बहुतेक पंजाबातून, विशेषतः अमृतसरच्या बाजूने येते. जगाच्या बाजारात जाणाऱ्या सेलरी-बियाचा मोठा वाटा भारताचा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि मे महिन्यात बी काढतात. सेलरी मुळात दोन वर्षांची वनस्पती : पहिल्या वर्षी पाने, मग थंडी, मग फुलोरा. पंजाबच्या हिवाळ्यात तिला हवी ती थंडी मिळते आणि एकाच हंगामात ती फुलावर येते. पण ते पीक बियासाठी निवडत आणलेले. त्याला जाड देठ येत नाहीत. शिवाय दुकानात ते किती दिवस पडून आहे हे कोण सांगणार? वाळवून आमटीत घालण्यास ते चांगले, पेरण्यास पाकीटच आणावे.

थंडीचा हाच गुण आपल्याकडे कधी कधी अवगुण ठरतो. पाच-सहा पानांचे रोप दहा-बारा अंशांखालच्या थंडीत सलग दहा-पंधरा दिवस राहिले तर हिवाळा होऊन गेला असे ते समजते आणि देठ भरण्याऐवजी मधून दांडा काढून फुलावर येते. नाशिक-निफाडकडे कडाक्याची थंडी पडते, तेथल्या शेतकऱ्यांनी कोवळ्या रोपांवर रात्री गोणपाट किंवा पातळ आच्छादन घालावे. पुण्यात दुपारी ऊन चांगले तापत असल्याने रात्रीच्या थंडीचा परिणाम बराचसा पुसला जातो. तरी मधून दांडा वर येताना दिसला तर त्या झाडाचे देठ लगेच काढून वापरावेत, थांबण्यात अर्थ नाही.

देठ काढताना सबंध झाड कापण्याची गरज घरच्या बागेत नसते. बाहेरचे दोन-तीन देठ बुडाशी धरून बाजूला ओढले की सुटतात आणि आतून नवे येत राहतात. पाने फेकू नयेत. सुकवून चुरा केली तर वर्षभर पुरतात.

पाकिटातले बी पुष्कळ उरेल. ते कागदी पुडीतच ठेवून, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत थोडे भाजलेले कोरडे तांदूळ घालून त्यात ठेवावी आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. कोरडे आणि गार राहिलेले सेलरीचे बी तीन-चार वर्षे चांगले उगवते. बरणीवर पेरणीची तारीख आणि पहिला ठिपका दिसल्याची तारीख लिहून चिकटवावी. आपल्या खिडकीत आपल्या बियाला किती दिवस लागतात, तो आकडा दुसऱ्या वर्षी कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडतो.